कॅबिनेटमध्ये एलईडी पट्ट्या लावताना: व्होल्टेज, करंट आणि जागा

प्रश्न असा आहे. स्वतः जोडलेला डेस्कटॉप, एका बाजूला काच असलेलं कॅबिनेट, आत तीन साधे बिनदिव्यांचे पंखे. मदरबोर्डवर दिव्यांसाठी एक चार पिनांचं आणि एक तीन पिनांचं हेडर, म्हणजे तारेचा कनेक्टर खोचायच्या उभ्या पिना, आहे. आत एलईडी पट्ट्या लावायच्या आहेत, जमल्यास पंखेही बदलायचे आहेत. काय घ्यावं, कुठे जोडावं, आणि यात बोर्ड जळण्याची भीती कितपत खरी?

भीती खरी आहे, पण ती दोन-तीन ठरावीक जागीच दडलेली असते. चुकीच्या हेडरवर चुकीची पट्टी, बोर्डाच्या पिनेतून झेपेल त्याहून जास्त करंट, आणि पट्टीचं उघडं टोक कॅबिनेटच्या पत्र्याला टेकणं. ही तीन ठिकाणं सांभाळली की बाकी उरतं ते सुबकपणाचं काम. सगळ्या जोडणीमागे मी एकच धोरण धरेन: मदरबोर्डाकडून फक्त सिग्नल घ्यायचा, करंट पॉवर सप्लायकडून घ्यायचा.

आधी दोन हेडरांमधला फरक. चार पिनांचं हेडर १२ व्होल्टचं असतं. एका पिनेवर १२ व्होल्ट, उरलेल्या तिन्हींवर हिरवा, लाल आणि निळा. या हेडरवरची अख्खी पट्टी एका वेळी एकच रंग दाखवते. तीन पिनांचं हेडर ५ व्होल्टचं असतं: एक ५ व्होल्ट, एक डेटा, मग एक रिकामी जागा, मग ग्राउंड. इथे प्रत्येक एलईडीच्या पोटात स्वतःची चिप असते आणि प्रत्येकाला वेगळा रंग देता येतो. एमएसआयच्या बोर्डांवर पहिल्याचं नाव जेआरजीबी आणि दुसऱ्याचं जेरेनबो असं छापलेलं असतं, गिगाबाइटवर एलईडी_सी आणि डी_एलईडी, एएसरॉकवर आरजीबी_एलईडी आणि एडीडीआर_एलईडी. नावावर न जाता पिना मोजा आणि मॅन्युअलमधली आकृती बघा.

१२ व्होल्टची पट्टी चुकून ५ व्होल्टच्या हेडरवर गेली तर ती लागत नाही, एवढंच होतं. कारण तिच्यात तीन-तीन एलईडी एकामागे एक जोडलेले असतात आणि त्यांना ५ व्होल्ट पुरत नाहीत. उलटं झालं तर मात्र क्षणात खेळ संपतो. ५ व्होल्टच्या चिपांना १२ व्होल्ट मिळाले की त्या जळतात, आणि कधीकधी डेटाच्या तारेतून तो फटका मागे कंट्रोलरपर्यंत जातो. तीन पिनांच्या कनेक्टरमध्ये रिकाम्या जागेसमोरचं भोक बंद असतं, त्यामुळे हे सहसा होत नाही, पण जोर लावून पिन वाकवणारे असतात, काही एक्स्टेंशन वायरींना ते भोक बंदच केलेलं नसतं, आणि एक पिन सरकवून बसवलेला कनेक्टर तर अंधाऱ्या कोपऱ्यात दिसतही नाही. कनेक्टरवरचा बाण ५ व्होल्ट किंवा १२ व्होल्टच्या पिनेकडे, एवढं टॉर्च लावून बघा. बसायला त्रास देत असेल तर थांबा, तो चुकीच्या जागी आहे.

नवीन काही घेणार असाल तर ५ व्होल्टची तीन पिनांचीच पट्टी घ्या. १२ व्होल्टचा एकरंगी प्रकार वाईट नाही, त्यात बिघडण्यासारखं कमी असतं, पण पंखे, रॅमवरचे दिवे, कूलर असं सगळं एका तालात चालवायचं झालं की ती पट्टी वेगळी पडते. पट्टीवर चिप कोणती तेही बघा. डब्ल्यूएस२८१२बी किंवा तिच्याशी जुळणारी असावी. पांढऱ्यासाठी वेगळा चौथा एलईडी असलेल्या एसके६८१२ प्रकारच्या पट्ट्या दिसायला सुंदर असतात, पण त्या प्रत्येक एलईडीसाठी २४ ऐवजी ३२ बिट मागतात. मदरबोर्ड २४च पाठवतो आणि रंगांचा पार गोंधळ उडतो.

करंटचा हिशेब

हा भाग सोडून पुढे जाऊ नका, कारण बहुतेक बिघाड इथूनच सुरू होतात.

डब्ल्यूएस२८१२बी प्रकारचा एक एलईडी पूर्ण पांढरा लावला की जास्तीत जास्त ६० मिलिअँपिअर घेतो, प्रत्येक रंगाला २० धरून. नव्या चिपा याहून कमी घेतात, पण हिशेब ६० नेच करावा. साधारण उभ्या कॅबिनेटमध्ये वरच्या कडेला ४० सेंटीमीटर, समोरच्या उभ्या कडेला ४० आणि खाली ३० अशी ११० सेंटीमीटर पट्टी लागते. मीटरला ६० एलईडी असलेली पट्टी घेतली तर एकूण ६६ एलईडी होतात. ६६ गुणिले ६० म्हणजे ३,९६० मिलिअँपिअर, जवळजवळ ४ अँपिअर. तीन पिनांच्या हेडरची मर्यादा बहुतेक बोर्डांवर ३ अँपिअर असते, म्हणजे १५ वॅट. त्यात अजून पंख्यांचे दिवे धरलेलेच नाहीत.

रंग फिरवत ठेवले तर खरा वापर या आकड्याच्या निम्म्यावर किंवा त्याखाली राहतो. सॉफ्टवेअरमधून उजेड ४० टक्क्यांवर आणला तर दीड अँपिअरच्या आसपास. मग अडचण काय? अडचण ही की ती मर्यादा सॉफ्टवेअरने पाळायची असते. संगणक सुरू होताना बायोसचा, म्हणजे बोर्डातल्या मूळ प्रोग्रॅमचा, इफेक्ट चालतो, सॉफ्टवेअर अडकलं की पट्टी भलत्याच रंगावर थांबते, आणि एखाद्या अपडेटनंतर सगळं पुन्हा शंभर टक्के पांढरं होऊन बसतं. ज्या क्षणी तसं होईल त्या क्षणी तार, पिन आणि बोर्डावरची तांब्याची रेघ ४ अँपिअर सोसणारी हवी.

साधारण ३० एलईडींपर्यंतची एखादी छोटी पट्टी थेट हेडरवर लावायला हरकत नाही. त्यापुढे सॅटा पॉवरचा, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या चपट्या कनेक्टरवर चालणारा, हब घ्या. या हबला दोन तारा येतात: एक बोर्डाच्या तीन पिनांच्या हेडरवरून आणि एक पॉवर सप्लायच्या सॅटा कनेक्टरवरून. घेण्याआधी एक गोष्ट तपासा. बोर्डाकडे जाणाऱ्या तारेत फक्त डेटा आणि ग्राउंड असायला हवं. सॅटाची तारच नसेल तर तो नुसता स्प्लिटर आहे, सगळा भार बोर्डावरच पडतो. दिसायला दोन्ही सारखेच काळे डबे असतात.

सॅटा पॉवर कनेक्टरमध्ये प्रत्येक व्होल्टेजला तीन पिना असतात आणि दर पिनेला दीड अँपिअर, म्हणजे ५ व्होल्टवर एकूण साडेचार अँपिअरची मर्यादा. प्रत्यक्षात एका कनेक्टरवर सतत ३ अँपिअरच्या वर जाऊ नका. सॅटातून मोलेक्स (चार पिनांचा जुना पॉवर कनेक्टर) काढणारे अडॅप्टर घेतलेच तर प्लास्टिक वितळवून साच्यात ओतलेले नकोत. त्यांच्यातल्या तारा आत एकमेकींकडे सरकून चिकटतात आणि वितळतात. तारा स्पष्ट दिसणारे, पिना दाबून बसवलेले अडॅप्टर बरे. आणि मॉड्युलर, म्हणजे तारा काढता-घालता येणाऱ्या, पॉवर सप्लायला दुसऱ्या मॉडेलच्या तारा वापरू नका. ड्राइव्हकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, सप्लायकडचं नसतं. ५ व्होल्टच्या जागी १२ आले तर पट्टीबरोबर डिस्कही जाते.

स्वतः तारा जोडणार असाल तर

हब न घेता मोलेक्सवरून करंट काढायचा असेल तर लाल तार ५ व्होल्ट, काळ्या दोन्ही ग्राउंड, पिवळी १२ व्होल्ट. पिवळी कापून तिच्या टोकावर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी चढवा, नुसती टेप नको. पट्टी जोडण्याआधी मल्टिमीटरने लाल-काळ्यात ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये आकडा येतो का ते बघा.

या लाल तारेवर ३ किंवा ४ अँपिअरचा फ्यूज टाका. हे फारसं कुणी करत नाही, पण कारण साधं आहे. पॉवर सप्लायची ५ व्होल्टची बाजू १५-२० अँपिअर सहज देते. पट्टीच्या बारीक तारांमध्ये शॉर्ट झाला तर सप्लायला तो शॉर्ट वाटतच नाही, कारण बारीक तारेचा रोध करंटला १०-१२ अँपिअरवर अडवून धरतो. सप्लाय बंद पडण्याऐवजी तारच तापत जाते. फ्यूज उडाला तर फ्यूज बदलायचा, एवढ्यावर भागतं.

बोर्डाच्या हेडरवरून डेटा आणि ग्राउंड या दोनच तारा पट्टीकडे न्या. हेडरची ५ व्होल्टची तार जोडूच नका, नाहीतर पट्टीचा करंट बोर्डातूनही वाट शोधतो. ग्राउंड मात्र सामाईक हवंच. पॉवर सप्लायचं आणि हेडरचं ग्राउंड दोन्ही पट्टीच्या एकाच ग्राउंडला. डेटाची तार पट्टीला मिळते तिथे ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर टाका. तारेतून परतणाऱ्या लहरी तो शमवतो, आणि पट्टी बंद असताना डेटाच्या पिनेतून तिच्यात शिरणारा करंटही मर्यादित ठेवतो. पट्टीच्या सुरुवातीला ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये १,००० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा कपॅसिटर लावला तर सुरू होतानाचा झटका पहिल्या एलईडीला बसत नाही. कपॅसिटरवरची पट्टेरी बाजू ग्राउंडकडे.

पट्टी कुठे ठेवायची

काचेतून पट्टी दिसता कामा नये, तिचा उजेड दिसला पाहिजे. काचेसमोर सरळ तोंड करून लावलेली पट्टी म्हणजे डोळ्यांत टोचणारे साठ ठिपके, शिवाय काचेच्या आतल्या बाजूवर त्यांचंच प्रतिबिंब. पट्टी काचेच्या चौकटीच्या आतल्या ओठामागे, तोंड मदरबोर्डाकडे करून, साधारण ४५ अंशांत लावावी. बहुतेक कॅबिनेटांत वरच्या आणि समोरच्या कडेला पत्र्याची दीड-दोन सेंटीमीटर घडी असते. ती याच कामाची.

नुसती वरची पट्टी लावली की ग्राफिक्स कार्डाची पाठ झगमगते आणि कार्डाखाली काळोख राहतो. म्हणून ती खालची ३० सेंटीमीटरची पट्टी. पॉवर सप्लायवरच्या झाकणाच्या पुढच्या कडेमागे, तोंड आतल्या बाजूला. एकच पट्टी लावायची असेल तर मी वरची न लावता समोरची उभी लावेन, तिचा उजेड कार्डाच्या वर आणि खाली दोन्हीकडे जातो. आतून काळं कॅबिनेट बराच उजेड गिळतं, पांढरं परतवतं. पांढऱ्या कॅबिनेटमध्ये मीटरला ३० एलईडीही पुरतात.

पट्टी दिसणं टाळताच येत नसेल तर दुधी आवरण हवं. ठिपके एकमेकांत मिसळण्यासाठी आवरण एलईडीपासून निदान दोन एलईडींमधल्या अंतराएवढं दूर लागतं. मीटरला ६० असतील तर ते अंतर १६ ते १७ मिलिमीटर, १४४ असतील तर ७ मिलिमीटर. जागा कमी असते तिथे १४४ ची पट्टी याचसाठी घ्यायची, जास्त उजेडासाठी नव्हे. तिचा मीटरचा पूर्ण करंट ८.६ अँपिअर होतो हे मात्र विसरू नका, उजेड २० टक्क्यांवरच ठेवायचा.

पट्टीमागचा गोंद खरखरीत पावडर कोटिंगवर नीट धरत नाही, आणि ग्राफिक्स कार्डाच्या गरम हवेने तर आणखी ढिला पडतो. महिन्याभरात पट्टीचं टोक लोंबतं आणि नेमकं पंख्याच्या पात्यांत शिरतं. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, पट्टी चिकटवून प्रत्येक भागावर २०-३० सेकंद अंगठा दाबून ठेवा, आणि पहिले काही तास यंत्र चालू करू नका. शिवाय दर १५ सेंटीमीटरला, दोन एलईडींच्या मध्ये, बारीक केबल टाय किंवा चिकट क्लिप लावा. सिलिकॉनच्या नळीत बसवलेल्या पट्टीला कुठलाच साधा गोंद चिकटत नाही, तिच्यासाठी क्लिपाच. स्टीलचं कॅबिनेट असेल तर चुंबकाच्या पट्ट्या सर्वांत सोप्या.

कापणं आणि डाग देणं

५ व्होल्टची पट्टी प्रत्येक एलईडीनंतर कापता येते, १२ व्होल्टची सहसा तीन एलईडींनंतर. तांब्याच्या तीन ठिपक्यांच्या बरोबर मधून जाणाऱ्या रेघेवरच कात्री चालवा. बाजूला दोन मिलिमीटर सरकलात तरी एका टोकाला डाग द्यायला (सोल्डर करायला) तांबं उरत नाही.

पट्टीवर बाण छापलेला असतो, तो डेटाची दिशा दाखवतो. डेटा आत येणाऱ्या टोकाला डीआय, बाहेर पडणाऱ्या टोकाला डीओ. बोर्डाकडचं टोक डीआय. पहिल्यांदाच काम करणाऱ्याची सर्वांत ठरलेली चूक ही, पट्टी उलटी जोडून ती खराब निघाली असं समजून परत पाठवणं.

कोपऱ्यावर पट्टी आडवी वाकवू नका. ती वर-खाली वळते, बाजूला वळत नाही. जबरदस्ती केली की आतल्या तांब्याला केसासारखी भेग जाते आणि पुढचे दिवे मधूनच लागतात, मधूनच विझतात. कोपऱ्यावर कापा आणि ५ सेंटीमीटरच्या तीन तारांनी पूल बांधा. तारा २२ ते २४ गेजच्या. आधी पट्टीवरच्या तिन्ही ठिपक्यांवर थोडं फ्लक्स आणि कथिलाचा पातळ थर, मग तारेच्या टोकांवर थर, आणि मग दोन्ही टेकवून सोल्डरिंग आयर्न दोन सेकंद. तापमान ३२० ते ३५० अंश. डाग चमकला की लगेच उचला. जास्त वेळ धरलं तर ठिपका पट्टीवरून सालीसारखा निघून येतो. मधला डेटाचा डाग शेजारच्या डागाला चिकटला नाही ना, हे उजेडाकडे धरून बघा आणि मल्टिमीटरनेही तपासा. मग जोडावर हीट श्रिंक नळी. पट्टीचं शेवटचं मोकळं टोकही नळीत झाका किंवा कॅप्टॉन (उष्णता सोसणारी) टेप लावा, कारण तिथे ५ व्होल्ट आणि ग्राउंड उघडे असतात आणि समोर पत्रा असतो.

डाग द्यायचा नसेल तर चिमट्याचे कनेक्टर मिळतात. टेबलावर ते उत्तम चालतात. कॅबिनेटमध्ये पंख्यांच्या थरथरीने आणि तापण्या-निवण्याने त्यांची पकड ढिली होत जाते. वापरलेच तर पट्टीची रुंदी, बहुधा १० मिलिमीटर, जुळतेय ना बघा, आणि कनेक्टर टायने बांधून टाका.

पट्टीचं शेवटचं टोक पांढऱ्याऐवजी पिवळट-तांबूस दिसत असेल तर ती पट्टी खराब नाही, तिथपर्यंत व्होल्टेज पोहोचत नाही. लाल एलईडीला २ व्होल्टच्या आसपास पुरतात, निळ्या-हिरव्याला ३ च्या आसपास लागतात, म्हणून व्होल्टेज घसरलं की निळा आधी मंदावतो. उपाय जाड तार, किंवा ५ व्होल्ट आणि ग्राउंड पट्टीच्या दुसऱ्या टोकालाही नेणं. डेटा मात्र एकाच टोकाला.

पंखे

दिव्यांच्या पंख्याला दोन तारा असतात: फिरण्यासाठी चार पिनांची, दिव्यांसाठी तीन पिनांची. मोटारीची तार फॅन हेडरवर. तिथे बहुधा १ अँपिअरची मर्यादा असते आणि तीन पंखे एका हेडरवर सहसा बसतात, तरी पंख्यावरच्या चिठ्ठीतले आकडे मिळवून बघा. दिव्यांच्या तारा हबवर. रिमोटसह येणाऱ्या स्वस्त संचांत बहुधा सहा पिनांचा एकच कनेक्टर असतो, तो त्यांच्याच डब्यात बसतो. त्याला बोर्डाचं सॉफ्टवेअर हात लावू शकत नाही, डब्याला सिग्नलसाठी वेगळी तार दिलेली असेल तरच लावू शकतं. कोर्सेरसारख्या काही कंपन्यांचे कनेक्टर स्वतःचेच असतात, तेही आधी बघून घ्या.

पंख्याचं तोंड आणि पाठ वेगळी दिसते. ज्या बाजूने हवा आत ओढली जाते ती बाजू मोकळी, पलीकडे मोटार धरणारे आडवे दांडे. समोरून हवा आत घेणाऱ्या पंख्याचं देखणं तोंड बाहेर येतं आणि काचेतून बघणाऱ्याला दांडे दिसतात. मागचा, हवा बाहेर फेकणारा पंखा मात्र आतून छान दिसतो. दिसण्यासाठी पंखा उलटा करून हवेची दिशा बदलू नका. उलट्या पात्यांचे पंखे वेगळे मिळतात.

सॉफ्टवेअर

आसुसचं ऑरा सिंक, एमएसआयचं मिस्टिक लाइट, गिगाबाइटचं आरजीबी फ्यूजन, एएसरॉकचं पॉलिक्रोम, यांपैकी तुमच्या बोर्डाचं जे असेल ते, किंवा ओपनआरजीबी हे मुक्त सॉफ्टवेअर. विंडोज ११ मध्येही २०२३ पासून डायनॅमिक लायटिंग आलं आहे, पण ते जुळणाऱ्या उपकरणांपुरतंच. कुठलंही वापरा, एका वेळी एकच. दोन सॉफ्टवेअरं एकाच कंट्रोलरशी बोलू लागली की दिवे लुकलुकतात किंवा अडकतात, आणि रॅमवरच्या दिव्यांच्या बाबतीत तर मेमरीची माहिती वाचणाऱ्या त्याच मार्गावर गर्दी होते. जुनं काढून, संगणक पूर्ण बंद करून, पॉवर सप्लायचा खटका अर्धा मिनिट बंद ठेवून मगच नवं लावा.

पहिलं काम हेडरवर किती एलईडी आहेत तो आकडा भरणं. आपल्या उदाहरणात ६६. आकडा कमी भरला तर शेवटचे दिवे लागतच नाहीत, जास्त भरला तर इंद्रधनुष्य अर्धवट कापल्यासारखं दिसतं. हबवर लावलेले पंखे आणि पट्टी बहुधा एकच सिग्नल वाटून घेतात, म्हणजे सगळ्यांचा पहिला एलईडी सारखंच दाखवतो. ते एकामागे एक चालायला हवे असतील तर साखळीने जोडावे लागतात. अशा वेळी सगळ्यांचे एलईडी मिळवून आकडा भरायचा आणि बोर्डाच्या मॅन्युअलमधली कमाल संख्या बघायची.

पांढरा रंग २५५-२५५-२५५ ठेवला तर निळसर, दवाखान्यासारखा दिसतो. लाल २५५, हिरवा १७०, निळा ९० पासून सुरू करा आणि डोळ्यांना बरं वाटेपर्यंत हलवा. करंटही कमी लागतो.

बोर्डापासून पूर्ण स्वतंत्र चालवायचं असेल तर ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या कंट्रोलर बोर्डावर डब्ल्यूएलईडी हे फर्मवेअर चांगलं. ते बोर्ड ३.३ व्होल्टचा डेटा देतं, आणि ५ व्होल्टवरची डब्ल्यूएस२८१२बी निदान ३.५ मागते. टेबलावर चालतं, कॅबिनेटमध्ये बसवल्यावर लुकलुकतं, ते याचमुळे. मध्ये सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप टाका. मदरबोर्डाच्या आतल्या यूएसबी २.० हेडरवर एका पोर्टला ५०० मिलिअँपिअरच असतात, त्यावर ईएसपी३२ चालवा, पट्टी नाही. डब्ल्यूएलईडीत करंटची कमाल मर्यादा भरता येते, ती फ्यूजच्या आकड्याखाली ठेवा. आणि तो बोर्ड काचेजवळ बसवा, पत्र्यामागे वायफाय मरतं.

चालू करण्याआधी आणि नंतर

काम करताना वीज तोडा, मुख्य वायर काढा, मग पॉवरचं बटन काही सेकंद दाबून धरा. काच काढली की ती टॉवेलवर आडवी ठेवा. टेम्पर्ड काच वरच्या दाबाला दाद देत नाही, पण तिचा कोपरा कठीण फरशीवर टेकला की पूर्ण चुरा होतो. सगळी पट्टी चिकटवण्याआधी कॅबिनेटबाहेर जोडून एकदा लाल, हिरवा, निळा आणि पांढरा लावून बघा. चिकटवलेली पट्टी सोलून काढताना तांबं तुटतं.

एका ठरावीक एलईडीपासून पुढे अंधार असेल तर दोष त्या पहिल्या विझलेल्या एलईडीत किंवा त्याच्या आधीच्याच्या बाहेर पडणाऱ्या टोकात. दोन्ही कापून काढा आणि तिथे तारांचा पूल. सगळी पट्टी वाटेल तशी लुकलुकत असेल तर आधी ग्राउंड, मग डेटाच्या तारेची लांबी, मग ती ग्राफिक्स कार्डाच्या पॉवर केबलला समांतर बांधलेली आहे का ते बघा. लाल मागितल्यावर हिरवा येत असेल तर सॉफ्टवेअरमधला रंगांचा क्रम बदला, या चिपा आधी हिरवा घेतात. पट्टी अजिबात लागत नसेल आणि व्होल्टेज ठीक असेल तर बाणाची दिशा.

संगणक बंद केला तरी दिवे चालूच राहतात, ही तक्रार बिघाडाची नाही. अनेक बोर्ड हेडरला स्टँडबायचे ५ व्होल्ट देत राहतात. बायोसमध्ये बंद असतानाच्या दिव्यांचा पर्याय असला तर तोच वापरा. नसला तर ईआरपी (बंद असताना स्टँडबायची वीज तोडणारा बायोसमधला पर्याय) चालू करा, मग बंद असताना यूएसबीवरून मोबाइल चार्ज होणार नाही आणि कीबोर्डवरून संगणक सुरू करता येणार नाही. करंट सॅटा किंवा मोलेक्सवरून घेतला असेल तर संगणक बंद झाला की पट्टी आपोआप विझतेच, फक्त रॅम आणि बोर्डावरचे स्वतःचे दिवे उरतात.